एकवीसपट

सरकारी नोटीस घेऊन येणारा माणूस घरचाच असला की मोठी पंचाईत होते. त्याला आधी पाणी द्यायचं की आधी नोटीस घ्यायची? म्हाकू बरकड्यांनी आधी पाणी दिलं. लेक उन्हातून आली होती. स्कूटर बॅटरीवरची असली म्हणून काय झालं, चैत्रातलं ऊन कुणाला सोडतं? माया तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायली. तांब्याला बुडाशी पोचा आला होता, पूर्वी तो नव्हता. तिने विचारलं नाही. तोंड पुसलं आणि पिशवीतून कागद काढला.

"वाच," आबा म्हणाले.

मायाने वाचलं. स्टँडवरची पाटी वाचावी तसं वाचलं. मोरवंडी परिसरातल्या ओलिताच्या रानात मेंढ्या बसवायला पुढचा आदेश येईपर्यंत मनाई. कारण, अशा रानातून बाहेर पडणारा नायट्रस ऑक्साइड वायू साध्या रानाच्या एकवीसपट आढळला आहे.

"एकवीसपट म्हंजी?"

"साध्या रानातनं एक तांब्या निघाला, तर आपली मेंढरं बसलेल्या रानातनं एकवीस."

आबांनी मुंडासं काढलं, मांडीवर ठेवलं. वाड्यातली कोकरं डालग्याखाली ओरडत होती. वाडा म्हणजे भिंतीबिंतींचा नव्हे हं. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, पालं आणि माणसं, सगळा चालता संसार. तो सध्या रस्त्याकडेच्या माळावर उतरला होता, कारण रानात कुणी घेत नव्हतं.

"मोजलं कुणी?" आबांनी विचारलं.

"मी."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी नुसती मान हलवली.

"तू मोजलंस म्हंजी खरंच असंल," ते म्हणाले. "व्यापारी ऐतवारी गाडी घिऊन यील. देऊन टाकतो समदी. माळावर किती दिस ठिवायची? खायाला न्हाई, बसाया रान न्हाई."

"समदी?"

"मग काय निम्मी ठिवून त्यांच्या गळ्यात घंटा बांधू?"

 दीडशे मेंढ्या. त्यातल्या निम्म्यांना माया नावाने ओळखत होती. ऐतवार चार दिवसांवर होता. तिला वाटलं, आपल्याला आता वाईट वाटायला हवं. तिने वाट पाहिली. काही वाटलं नाही.

उठताना आबा म्हणाले, "रान रुसलं, दुसरं काय. ती गेल्यापास्नं रानाला दूध कुणी पाजलंच न्हाई. बाईमान्साचं काम ते. मला काय सुचलं न्हाई."

ती म्हणजे ठकुबाई, मायाची आई. अकरा जानेवारीला गेली. आबांनी सांगितलं होतं, झोपेतच गेली, पहाटे उठवायला गेलो तर अंग गार. माया आली, जे करायचं ते केलं आणि चौथ्या दिवशी कामावर हजर झाली. लोक म्हणाले, पोरगी भारी घट्ट. लोक काय, बोलतात. घट्ट कुठली! तिला काही वाटतच नव्हतं. भाकरी चावून गिळायची, स्कूटर चार्ज करायची, कामाला जायचं. दुःख दाबून ठेवावं तर आधी ते सापडायला तरी हवं ना?

आता मेंढ्या बसवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण शहरातल्या माणसाला वाटतं मेंढ्या आपापल्या बसतात. रान रिकामं झालं की शेतकरी धनगराला बोलावतो. रात्री वाघर, म्हणजे दोरीची जाळी, लावून त्या रानात कळप कोंडायचा. मेंढरं रात्रभर लेंड्या टाकतात, मुततात. तीन रात्री झाल्या की वाघर पुढच्या तुकड्यात हलवायची. रानाला खत मिळतं, धनगराला दाणे आणि कडबा मिळतो. पूर्वी यासाठी शेतकऱ्यांत भांडणं लागायची, बरकड्यांचा वाडा आधी माझ्यात की तुझ्यात म्हणून.

मग एक्केचाळीस साली मृदाश्वास केंद्र निघालं. गावातले लोक त्याला श्वास ऑफिस म्हणत. जमीन कोणता वायू किती सोडते ते मोजायचं, एवढंच त्या ऑफिसचं काम. मातीत सूक्ष्म जीव असतात आणि त्यांनाही श्वास लागतो. हवा असली की ते आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतात. रान भिजलं, मातीची छिद्रं पाण्याने बुजली की ऑक्सिजन संपतो. पण ही मंडळी मरत नाहीत. लेंड्या-मुतातून तयार झालेलं नायट्रेट मातीत असतं, त्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. असा एकेक ऑक्सिजन काढत गेलं की शेवटी साधा नायट्रोजन उरायला हवा, ज्याचा कुणाला त्रास नाही. पण बऱ्याचदा हे काम अर्ध्यावर सुटतं. अर्ध्यावर सुटलेला वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड. दातांचे डॉक्टर बधिर करायला हुंगवतात तोच. हवेत गेला की शंभरावर वर्षं टिकतो आणि वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशेपट तापवतो.

मोजायचं यंत्र साधंच होतं. परातीएवढं पोलादी कडं मातीत चार बोटं रोवायचं. त्यावर झाकण. दर अर्ध्या तासाने झाकण आपोआप तीन मिनिटं बंद होई, आत साठलेला वायू लेझरने मोजला जाई, मग झाकण उघडून पुन्हा आकाशाकडे तोंड. गावकऱ्यांनी त्याचं नाव टोपण ठेवलं. मायाकडे अशी दहा टोपणं होती. दर मंगळवारी जाऊन पुसायची आणि कागदावर सही करायची, 'कड्याला कुणाचाही हात लागलेला नाही.'

मेंढ्या बसलेल्या रानातलं टोपण मात्र एकच, नाना धुमाळांच्या मळ्यातलं. बाकी दोन होती, त्यांतलं एक रानडुकरांनी उखडलं आणि दुसऱ्यावर ट्रॅक्टर गेला. धुमाळांच्या रानात वाडा नोव्हेंबरापासून उतरला होता. पहिल्या तुकड्यात तीन रात्री मेंढ्या बसल्या, मग मायाने तिथे कडं रोवलं, बारा नोव्हेंबरला. वाघर पुढे पुढे सरकत गेली, पण पाल तिथेच, कड्यापासून पन्नास पावलांवर राहिलं. आईला केवढं अप्रूप! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, माज्या मायाचं टोपण हाय, हात नगा लावू.

गुरुवारी हुल्याळकर मॅडमनी मायाला बोलावलं. मॅडम केंद्राच्या प्रमुख, पन्नाशीच्या, कामाला चोख आणि बोलायला थोड्या कोरड्या.

"धुमाळ मळ्याच्या पुराव्यावर तुझी एक सही राहिलीये," त्या म्हणाल्या. "डिसेंबरच्या चार, पाच, सहा तारखा. कॉम्प्युटरने दुरुस्त केल्यात. कच्ची नोंद बघ आणि सही कर."

"काय दुरुस्त केलं?"

"तीन दिवस रेष सपाट आली. यंत्र अडकलं असणार. आजूबाजूच्या दिवसांची सरासरी भरली."

माया आपल्या टेबलापाशी आली, कच्ची नोंद उघडली. पडद्यावर रेष आली. रोज सकाळी आठच्या पुढे रेष चढायची, अकराच्या सुमाराला शेंड्याला जायची आणि संध्याकाळी उतरायची. सगळ्यांनी ती पाहिली होती. ऊन चढलं की माती तापते, जीव जोरात कामाला लागतात, म्हणून दुपारकडे वायू वाढतोच. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. चार, पाच आणि सहा तारखेला मात्र चढ नाही. ऊन त्या दिवशीही होतंच की.

चार डिसेंबर.

चार डिसेंबरला सकाळी मायाने आईला स्कूटरवर बसवून चिंचणीला नेलं होतं. भाचीचं लग्न. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर लुगड्याचं बोचकं, आणि वाटभर कुरकुरत होती, की सावकाश ने गं बाई, मला काय लग्न चुकवून सरणावर जायाचं न्हाई. सहा तारखेला रात्री परत आली.

मायाने रेष पुढे सरकवली. सात तारखेला पुन्हा चढ. आठला, नऊला, रोज. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चढ संपले आणि मग रेष खालीच राहिली. कॉम्प्युटरने तिथे लिहिलं होतं, 'खताचा जोर ओसरला.' नेमकी कोणत्या तारखेला संपले ते तिने पाहिलं नाही. तिकडे बोट नेलंच नाही.

तिने आबांना फोन लावला.

"आबा, आई दूध कुठं वतायची?"

"आं? हे काय मधीच?"

"सांगा तर. खुंट्यापाशीच ना?"

बरकड्यांच्या वाड्यात ही रीत होती. परक्याच्या रानात उतरलं की रोज सकाळी पहिल्या धारेतलं थोडं दूध पाण्यात मिसळायचं, त्यात चिमूटभर हळद टाकायची आणि ते रानाला पाजायचं. ज्याच्या अंगावर बसलोय त्याला आधी द्यावं, असं आई म्हणायची. लहानपणापासून मायाने पाहिलेलं, आई वाघरीच्या पहिल्या खुंट्यापाशी तांब्या रिता करते.

"आदी खुंट्यापाशीच," आबा म्हणाले. "धुमाळाच्यात तुज्या टोपणात वतायची. म्हनायची, लेकीनं रानाचं त्वांडच उघडून दिलंय, मग कडंला कशाला वतू? तुजं काम चांगलं व्हावं म्हनून दोन शब्द बोलायची पन. का गं?"

"काय न्हाई," माया म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने हिशोब मांडला, आणि तो अगदी सरळ होता. दुधात साखर असते. मातीतल्या जिवांना अशी आयती साखर म्हणजे पंगतच. ती खाताना ते उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, वरून पाणी पडलेलंच, खाली मेंढ्यांचं नायट्रेट तयार. मग अर्ध्यावर सुटलेला वायू निघणारच, आणि भरपूर निघणार. दूध न पडलेल्या तीन दिवसांचा आकडा तिने काढला. साध्या रानाच्या पाचपट. म्हणजे मेंढ्या अगदीच निर्दोष नव्हत्या. पण पाचपटीसाठी नियमातच तोड होती. मेंढ्या बसवल्यावर पंधरा दिवस पाणी सोडायचं नाही आणि कुळवाची एक हलकी पाळी घालायची. मनाई नाही. मनाई एकवीसपटीला होती. नोटिशीत सर्वात मोठा आकडाच छापतात, लोकांच्या डोक्यात बसावा म्हणून.

दोन-तीनदा मंगळवारी तिला कड्याच्या आत मातीवर पिवळसर पापुद्रा दिसला होता. तिने तो पाहिला, शेवाळ असेल म्हणाली आणि सही केली. हेही खरंच, लपवून काय करायचं?

तिने मॅडमना सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पाडला नाही. मॅडमनी चष्मा काढला.

"दूध?"

"हो. रोज. माझी आई."

"माया, नऊ मंगळवार आहेत. नऊ सह्या तुझ्या, कुणाचाही हात लागलेला नाही म्हणून."

"हो."

मॅडमनी चष्म्याच्या काचा पुसल्या. मग म्हणाल्या, "यंत्र बिघडलं होतं असं लिहिता येईल. माझं काही म्हणणं नाही."

"मग काय होईल?"

"दहाही यंत्रं तपासायला जातील. वर्ष जाईल. तोपर्यंत मनाई राहील, पण तुझं काम टिकेल."

"मेंढरं ऐतवारी चाललीत."

"तुझ्या वडिलांची?"

"समदी."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "मग खरं लिही. पण मी तुला ठेवू शकणार नाही, हे आत्ताच सांगते. सही करणाऱ्याच्या घरातलाच हात निघाला, तर उद्या कुणी आपला एक आकडा मानणार नाही."

"बरं."

"बरं काय, बरं? जरा भांड तरी!"

माया उभी राहिली. भांडायला काहीतरी पेटावं लागतं, तिच्यात ते पेटत नव्हतं. मॅडमनी सुस्कारा टाकला.

"त्याच रानात, त्याच कड्यात एक चाचणी घे. तेवढंच दूध, तेवढंच पाणी. चढाचा आकार जुळला पाहिजे. ती जोड आणि खोडपत्र भर, चुकीचे आकडे रद्द करायचं, एकेका दिवसाचं वेगळं. शनिवारी पाचच्या आत माझ्याकडे आलं, तर मनाई त्याच दिवशी स्थगित करते. तेवढा अधिकार आहे मला."

शनिवारी सकाळी माया धुमाळांच्या मळ्यात पोचली तेव्हा आबा बांधावर उभे होते, हातात तोच पितळी तांब्या. नाना धुमाळही आले होते, सत्तरीचे, काठी टेकत.

"पोरी, मला वायूबियू कळत न्हाई," नाना म्हणाले, "पन माज्या बापापास्नं बरकड्यांचा वाडा हितं बसतोय. औंदा मेंढरं न्हाईत बसली तर रान मला वळखायचं न्हाई बघ. काय ते नीट मोज." एवढं बोलून ते विहिरीकडे गेले.

"चला," माया आबांना म्हणाली.

"म्या हितंच हाय."

"अवो, पन्नास पावलं तर हायेत. तुमी वता. तुमाला ठाव हाय ती कसं वतायची."

"म्या हितंच हाय म्हनलं ना! बाईमान्साचं काम ते. घे तांब्या."

आबा तिच्यावर कधी ओरडत नसत. मायाने तांब्या घेतला. दूध शेळीचं होतं, अजून कोमट. ती कड्यापाशी गेली, झाकण उघडं असल्याचं पाहिलं आणि उकिडवी बसली. सुकलेल्या मातीवर पिवळसर पापुद्रा अजून होता. तिने ओंजळभर दूध दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यात मिसळलं, हळद टाकली आणि ओतलं. माती ते लगेच प्यायली. दोन शब्द काय बोलायचे ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती नुसतीच उठली.

मग वाट बघणं आलं. बांधावर बोरीची बारीक सावली होती, तिथे ती आबांजवळ बसली. मांडीवर टॅब घेतला आणि खोडपत्र उघडलं. एकेका दिवसाचा वेगळा रकाना. तारीख, आकडा, खोडण्याचं कारण. कारणांची यादी तयार होती, त्यातलं निवडायचं. पाऊस, जनावर, यंत्रबिघाड, इतर. तिने 'इतर' निवडलं आणि लिहिलं, 'ठकुबाई म्हाकू बरकडे, वय ६१, यांनी सकाळी कड्यात दूध व पाणी ओतले.' खूण केली. रेषेवरचा बारा नोव्हेंबरचा चढ पुसला गेला. तेरा नोव्हेंबर. ठकुबाई म्हाकू बरकडे, वय ६१. चौदा.

"काय करतीस?" आबांनी विचारलं.

"आईचं दूध काढून टाकते नोंदीतनं. आता यात दिसंल, ती कवा कवा वतून गेली ते. रोज सकाळी. हे बघा, एकेक चढ म्हंजी एकेक तांब्या."

आबांनी मान पुढे केली. अक्षर येत नव्हतं, पण डोंगर ओळखायला अक्षर कशाला लागतं? ते बराच वेळ बघत राहिले.

"समदं ऱ्हाईलंय की गं," ते म्हणाले.

"ऱ्हायलं हुतं. आता जातंय."

"काढलंच पायजे?"

"मेंढरं ठिवायची का द्यायची?"

 माया खुणा करत राहिली. डिसेंबर आला. चार, पाच, सहाला काही खोडायचं नव्हतं. एकसष्ट दिवसांतले तेवढे तीनच दिवस खरे, तिथे तिने कॉम्प्युटरने भरलेली सरासरी काढून सपाट रेष परत आणली. सात डिसेंबर. ठकुबाई म्हाकू बरकडे. बोट आपलं आपण चालत होतं. मनात काही नव्हतं. ती मध्ये एकदा थांबून पाणी प्यायली.

साडेदहाला चाचणीचा आकडा आला. चढ सुरू झाला होता. अकराला आणखी वर. तिने जुना चढ त्यावर ठेवून पाहिला. उंची कमी होती, माती आता सुकलेली आणि खत जुनं. पण वळण तेच, पाऊण चढावरची खाचसुद्धा तीच.

"जुळलं," ती म्हणाली.

"म्हंजी मेंढरं सुटली?"

"सुटतील. सहा दिवस खोडायचे ऱ्हायलेत."

सहा झाले. दहा जानेवारी खोडली. तिला वाटलं संपलं. खाली बघते तर अजून एक रकाना. अकरा जानेवारी.

त्या दिवसाचा चढ सगळ्यात उंच होता. पडद्यात मावत नव्हता, शेंडा बघायला रेष खाली ओढावी लागली. शेजारी आकडा होता. एकवीसपट.

मायाने वेळ पाहिली. कड्यात उष्णता मोजायचीही सोय होती. सात वाजून बारा मिनिटांनी माती एकदम निवली होती. दूध पडलं ती वेळ.

"आबा," ती म्हणाली, "आई पहाटंच गेली हुती ना? झोपंत?"

आबा काडीने बांधावरची माती उकरायला लागले.

"आबा, सात वाजून बारा मिन्टांनी हितं दूध वतलंय. अकरा तारखंला. कुणी वतलं?"

आबांनी मुंडाशाचं टोक तोंडावर धरलं. मग ते कड्याकडे न बघता बोलायला लागले. "उठली, धार काढली, च्या क्येला. म्हनली, आज पोरीचं साहेब बघाय येनार हायेत टोपण, आज जरा जास्ती दूध घालते. ग्येली. म्या कोकरं सोडत हुतो. लई येळ झाला म्हनून बघाय ग्येलो तर हितंच, कुशीवर. तांब्या टोपणात उपडा. समदं दूध आत."

"मग झोपंत म्हनून का सांगितलं?"

"तुला सांगून काय करू? तुज्या टोपणापाशी पडली म्हनून सांगितलं असतं, तर तू पुन्यांदा त्या टोपणाकडं बघितलं असतंस व्हय? एवडी शिकलीस, नोकरी सोडून घरात बसली असतीस."

"ती सुटलीच," माया म्हणाली.

"आं?"

"नोकरी. या कागदासंगं सुटली."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टॅबकडे, मग इतक्या वेळात पहिल्यांदाच कड्याकडे.  त्या तांब्याच्या पोच्याबद्दल मायाने आता विचारलं नाही, विचारायचं काही उरलं नव्हतं.

तिने अकरा जानेवारीचा रकाना भरला. 'ठकुबाई म्हाकू बरकडे, वय ६१, यांनी सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी कड्यात दूध ओतले.' खूण केली. एकवीसपट पुसला गेला आणि रेष खाली आली. नोव्हेंबरपासून आतापर्यंत एक लांब, जवळजवळ सपाट रेष.

तिने 'पाठवा' दाबलं. कागद गेला नाही. खाली लाल अक्षरांत एक प्रश्न उरला होता, तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. असले प्रश्न प्रत्येक फॉर्ममध्ये असतात, कुणीतरी पुण्यात बसून ते एकदा लिहून ठेवलेले असतात.

"काय इचारतंय?" आबा म्हणाले.

मायाने आधी मनात वाचलं.  मग मोठ्याने वाचलं.

"असा हस्तक्षेप पुन्हा होण्याची शक्यता आहे काय?"

"म्हंजी?"

"म्हंजी, ती पुन्यांदा वतंल का, म्हनतंय. हो का न्हाई, एवडंच."

 विहिरीवर नानांनी मोटर चालू केली होती, तिचा आवाज येत होता. मायाने बोट 'नाही'च्या वर नेलं आणि ते खाली टेकेना.  तिला वाटलं होतं आत काहीच नाही, आणि अडीच महिन्यांचं सगळं आता एकदम वर आलं, हुंदक्यावर हुंदका, नाकातोंडातून, पोरासारखं. आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. नंतर त्यांनी तिचं बोट आपल्या जाड हातात धरलं आणि 'नाही'वर टेकवलं.

कागद गेला. वीस मिनिटांनी मॅडमचा निरोप आला, मनाई स्थगित, आदेश निघाला. मायाला डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं दिसत नव्हती, म्हणून तिने मॅडमना फोन लावून ते ऐकून घेतलं आणि आबांना सांगितलं.

आबांनी व्यापाऱ्याला फोन करून उद्या गाडी आणू नको म्हणून सांगितलं. मग ते उठले, तांब्या उचलला आणि बांध उतरून कड्याकडे गेले. तांब्यात थोडं दूध उरलं होतं.

"आबा," माया मागून म्हणाली, "टोपणात नगा. कडंला वता."

आबांनी कड्याच्या कडेला वाकून ते ओतलं.